ऑफिसच्या ईपीबीएक्समधून कॉलची नोंद कशी काढायची? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, होटगी रोडवरची हॉस्पिटलं, नव्या पेठेतल्या पेढ्या, पतसंस्था, शाळा. ईपीबीएक्सची, म्हणजे ऑफिसातले सगळे फोन बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राची, देखभाल करायला कुठेही गेलं तरी नोंदीबद्दलचे प्रश्न तेच असतात, आणि बहुतेक वेळा ते गरज उभी राहिल्यावर विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

गेल्या महिन्यात कुणी कुणाला फोन लावला ते आज काढता येईल का?

गेल्या महिन्यात कुणी ती नोंद गोळा करत होतं का, यावर ते अवलंबून आहे. लहान ईपीबीएक्स नोंदीची वही सांभाळत नाही. कॉल संपला की त्याची एक ओळ तयार होते आणि पोर्टमधून बाहेर पडते. पलीकडे ती घ्यायला कॉम्प्युटर किंवा प्रिंटर असेल तर मिळाली, नसेल तर गेली. काही यंत्रांत थोडी मेमरी असते, पण ती भरली की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीवर बसते. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही: नळाला पाणी आलं तेव्हा पिंप भरून ठेवलं तरच पुढचे चार दिवस पाणी आहे.

तरीही प्रयत्न करून पाहा. आधी एक पथ्य पाळा: यंत्र बंद-चालू करू नका, रीसेट तर नाहीच नाही. मेमरीत जे शिल्लक असेल ते पहिल्यांदा उतरवून घ्या, बाकीचा शोध मग. गजबजलेल्या ऑफिसात त्या मेमरीत फार जुनं काही सापडत नाही. दिवसाला दहा-पंधरा फोन होणाऱ्या ठिकाणी मात्र आठवड्यांपूर्वीच्या ओळीही निघतात.

आमच्याकडे कुठलं यंत्र आहे तेच माहीत नाही. कसं ओळखायचं?

भिंतीवरच्या पेटीचं झाकण आणि तिच्या कडा पाहा. नऊ पिनांचं पोर्ट दिसलं तर ते बहुधा जुन्या घराण्यातलं ॲनालॉग यंत्र. पॅनासॉनिकचं केएक्स-टीईएस ८२४ आणि त्याची भावंडं सोलापुरात अजून ठिकठिकाणी चालू आहेत. ३ बाहेरच्या लाइन आणि ८ एक्स्टेन्शनपासून (आतल्या टेबलांवरचे फोन) ८ लाइन आणि २४ एक्स्टेन्शनपर्यंत ते वाढवता येतं. पेटीला लॅनची वायर जात असेल तर मधल्या पिढीचं किंवा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारं, यंत्र आहे. पेटीच नसेल, एखादा कॉम्प्युटर किंवा क्लाउडवरचं खातं हेच एक्स्चेंज असेल, तर तुमचं काम सगळ्यांत सोपं. तिथे नोंद आपोआप साठते.

मॉडेल नंबर पेटीच्या बाजूच्या किंवा आतल्या लेबलवर असतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. कुणालाही मदतीसाठी बोलावलंत तरी पहिला प्रश्न तोच येणार.

नऊ पिनांच्या पोर्टमधून नोंद घ्यायची पद्धत काय?

यंत्राच्या पुस्तकात कॉलची नोंद बाहेर पाठवण्याच्या या सोयीला एसएमडीआर म्हटलेलं असतं. त्या नावाचं प्रकरण शोधा, कारण पोर्टचा वेग आणि केबलची जोडणी तिथेच दिलेली असते.

आजच्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लागतो. इथे पन्नास-शंभर रुपये वाचवू नका. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपचा कन्व्हर्टर विंडोजचा नवा ड्रायव्हर स्वीकारत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि आख्खी दुपार त्यात जाते. एफटीडीआय चिपचा खरा कन्व्हर्टर घेतला की हा ताप संपतो.

केबल सरळ की उलटी हा दुसरा घोटाळा. काही यंत्रांना दोन आणि तीन नंबरच्या पिना फिरवलेली केबल लागते, काहींना सरळ. पुस्तकात सापडलं नाही तर दोन्ही लावून पाहा. एका केबलने काहीच आलं नाही आणि दुसरीने आलं, तर प्रश्न तिथेच मिटला.

पोर्टमधून आलेल्या ओळी पडद्यावर दाखवायला पूर्वी विंडोजबरोबर हायपरटर्मिनल यायचं, व्हिस्टापासून ते काढून टाकलं. आता पुटी किंवा टेरा टर्म वापरा, दोन्ही फुकट आहेत. सेटिंगची सुरुवात ९६०० वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी करा. मग एखाद्या एक्स्टेन्शनवरून मोबाइलला फोन लावा, अर्धा मिनिट बोला आणि ठेवा. फोन ठेवल्यावर ओळ उमटायला हवी. चालू कॉलची ओळ येत नाही, त्यामुळे बोलता बोलता पडद्याकडे पाहत बसू नका. चित्रविचित्र चिन्हं आली तर वेग किंवा बिट जुळत नाहीत. काहीच आलं नाही तर केबल, फ्लो कंट्रोल आणि यंत्रातलं एसएमडीआरचं सेटिंग, या क्रमाने तपासा.

ओळ दिसू लागली की पुटीच्या लॉगिंगमध्ये फाइलचं नाव द्या, आणि जुनी फाइल असेल तर तिच्या शेवटी जोडायचा पर्याय निवडा. हा पर्याय चुकला तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडताना आधीची फाइल पुसली जाऊ शकते.

कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद होतो. चालेल का?

यंत्राच्या मेमरीवर थोडं भागतं, पण भरवसा ठेवू नका. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर लॉगिंग लावलं की हमखास तीन गोष्टी होतात: तो झोपी जातो, विंडोज अपडेट होऊन पुन्हा सुरू होतो आणि पुटी उघडायचं राहून जातं, नाहीतर कुणीतरी ती काळी खिडकी ‘हे काय आहे’ म्हणून बंद करतं. त्यापेक्षा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर ईपीबीएक्सच्या शेजारी, त्याच यूपीएसवर ठेवा. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या बोर्डालाही हे काम जड नाही. मॉनिटर लागत नाही, कुणाच्या डोळ्यात येत नाही, कुणी बंद करत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ठेवू नका. पारा ४४-४५ वर गेला की माणसं सावली शोधतात, बोर्डाला ते जमत नाही.

आमच्या यंत्राला लॅन आहे. तरी सिरियल केबल लागेल?

नाही. पॅनासॉनिकच्या टीडीए-टीडीईपासून पुढच्या मोठ्या यंत्रांत, त्यासाठीचं कार्ड किंवा पोर्ट असेल तर, एसएमडीआर नेटवर्कवरून घेता येतो. नेहमीचा पोर्ट २३००. टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून यंत्राशी जोडायच्या साध्या सोयीने, जोडून पासवर्ड दिला की ओळी वाहू लागतात. मॅट्रिक्सच्या एटर्निटी मालिकेतही नोंद नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवायची सोय आहे. पासवर्ड कंपनीचा मूळचाच ठेवू नका, तो छापील पुस्तकात सगळ्या जगासाठी लिहिलेला असतो. आणि हा पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

फ्रीपीबीएक्स किंवा ॲस्टरिस्क असेल तर?

ही दोन्ही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एक्स्चेंजची सॉफ्टवेअर आहेत. फ्रीपीबीएक्समध्ये रिपोर्ट विभागात सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, उघडा, तारखा निवडा, शोधा, सीएसव्ही उतरवा. झालं. नोंद ॲस्टरिस्क-सीडीआर-डीबी नावाच्या डेटाबेसमध्ये, सीडीआर नावाच्या तक्त्यात असते. वेब पान उघडत नसेल तर थेट तिथून काढता येते. साध्या ॲस्टरिस्कमध्ये ती लॉगच्या फोल्डरमध्ये, सीडीआर-सीएसव्हीच्या आत, मास्टर नावाच्या फाइलमध्ये मिळते.

कॉलच्या लांबीचे दोन रकाने असतात: ड्युरेशन आणि बिलसेक. पहिल्यात घंटी वाजण्याचा वेळ धरलेला असतो, दुसरा फोन उचलल्यापासून मोजतो. कोण किती वेळ बोललं हे पाहायचं असेल तर दुसरा रकाना घ्या.

ती ओळ वाचायची कशी?

तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, बाहेरच्या लाइनचा क्रमांक, लावलेला नंबर, मग किती वेळ. आत आलेल्या कॉलला बहुधा वेगळी खूण असते, पॅनासॉनिकमध्ये नंबराच्या जागी कंसातला इंग्रजी ‘आय’. शेवटच्या रकान्यात ‘टीआर’ असेल तर कॉल दुसरीकडे वळवला, ‘एनए’ असेल तर कुणी उचलला नाही.

तारखेत दिवस आधी की महिना आधी, हे पहिल्यांदा ठरवा. पाच जून आणि सहा मे यांची गल्लत अशीच होते. बारापेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी येतो ते पाहिलं की कळतं.

लँडलाइनच्या एसटीडी कोडवरून कॉल कुठे गेला ते नजरेनेच सांगता येतं. ०२१८६ पंढरपूर, ०२१८४ बार्शी, ०२१८१ अक्कलकोट, ०८३५२ विजयपूर, ०८४७२ कलबुर्गी, ०४० हैदराबाद. सोलापूरचा धंदा तीन राज्यांत पसरलेला असल्याने कर्नाटक-तेलंगणाचे नंबर दिसले म्हणून दचकू नका. सुताचा व्यापारी आणि कुणाचे तरी मामा, दोघंही त्याच कोडवर राहतात.

मोबाइल नंबरांच्या आधी शून्य का दिसतो? आणि काही जुन्या नोंदींत तो का नाही?

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्याआधी सोलापुरातून आपल्याच सर्कलमधला मोबाइल शून्याशिवाय लागत असे. दोन काळांच्या नोंदी एकत्र करताना पुढचे शून्य आणि ९१ काढून उजवीकडचे दहा आकडे जुळवा, नाहीतर एकच गिऱ्हाईक दोन-तीन नावांनी मोजलं जातं. बाहेरची लाइन घ्यायला दाबलेला पहिला ० किंवा ९ बहुतेक यंत्रं नोंदीत धरत नाहीत.

समोरच्याने फोन उचललाच नाही असं पोरगा शपथेवर सांगतो, आणि लॉगमध्ये ४० सेकंद दिसतात. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. या एका प्रश्नावरून ऑफिसात भांडणं झालेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर.

साध्या ॲनालॉग लाइनवर पलीकडे फोन उचलला गेला हे तुमच्या ईपीबीएक्सला कळत नाही. त्याला इतकंच माहीत असतं की लाइन घेतली, आकडे पाठवले, आणि काही वेळाने लाइन सोडली. घंटी वाजतेय, ‘ग्राहक दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे’ ऐकू येतंय की खरोखर कुणी बोलतंय, यातला फरक त्याच्या कानाला उमगत नाही. म्हणून यंत्र एक अंदाज वापरतं: शेवटचा आकडा दाबून ठरावीक सेकंद झाले की कॉल जुळला असं धरायचं. ते ४० सेकंद म्हणजे नुसती वाजलेली घंटीही असू शकते.

यावर जुना उपाय आहे, पोलॅरिटी रिव्हर्सल. पलीकडे फोन उचलताच एक्स्चेंज लाइनच्या दोन तारांवरचं अधिक-उणे उलटं करतं आणि यंत्राला खूण मिळते. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथवरचं बिल मशीन अशाच खुणेवर पैसे मोजायला सुरुवात करायचं. ही सोय लाइन देणाऱ्या कंपनीकडे मागावी लागते, आणि ईपीबीएक्समध्येही ती ओळखायचं सेटिंग चालू करावं लागतं. आता तांब्याची तार जाऊन फायबर आलं आहे. तिथे भिंतीवरच्या ओएनटीच्या (फायबरच्या पेटीच्या) फोन पोर्टमधून ही खूण येते की नाही, ते तपासूनच धरा.

पीआरआय किंवा सिप या डिजिटल लाइनवर हा प्रश्नच नाही. तिथे ‘जोडला गेला’ असा स्वतंत्र संदेश येतो आणि वेळ सेकंदाला बरोबर मिळते. तुमची लाइन ॲनालॉग असेल तर मिनिटाच्या आतल्या कॉलवरून कुणालाही जाब विचारू नका.

बाहेरून आलेल्या फोनचा नंबर नोंदीत येत नाही.

आधी लाइनवर कॉलर आयडीची सेवा चालू आहे का ते पाहा. नंबर दाखवणारा साधा फोन थेट लाइनला लावून पडताळा. तिथे नंबर आला आणि ईपीबीएक्समध्ये नाही, तर दोष आपल्या बाजूला. जुन्या यंत्रांत कॉलर आयडीचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि विकताना ते कुणी सांगत नाही. शिवाय नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एफएसके पद्धतीत तो पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो, डीटीएमएफ पद्धतीत पहिल्या घंटीच्या आधी. यंत्राला चुकीची पद्धत सांगितलेली असेल तर रकाना कोराच राहतो.

एफएसकेच्या लाइनवर ऑपरेटर तत्पर असली तरी नंबर हुकतो, कारण पहिल्या घंटीतच रिसीव्हर उचलला जातो. ताईंना दुसरी घंटी होऊ द्यायला सांगा.

दिवसभरात किती फोन वाजून गेले, मालकांना तेवढंच हवं आहे.

मालकांचा प्रश्न योग्य आहे. गेलेला फोन म्हणजे गेलेली ऑर्डर. हॉस्पिटलात तर गोष्ट त्याहून गंभीर. पण हा आकडा काढताना नोंद दोन्ही बाजूंनी फसवते.

एका बाजूला ती फुगते. आलेला फोन चार एक्स्टेन्शनवर एकदम वाजत असेल तर फ्रीपीबीएक्समध्ये एकाच कॉलच्या अनेक ओळी होतात: तीन ‘नो आन्सर’ आणि एक ‘आन्सर्ड’. नुसते ‘नो आन्सर’ मोजले तर तीन फोन चुकले असा अहवाल जातो आणि काम नीट करणाऱ्या माणसांना बोलणी बसतात. एकाच कॉलच्या सगळ्या ओळींवर लिंक्ड आयडी समान असतो. त्यावर गट करा, आणि गटात एकदाही खरं बोलणं झालं नसेल तरच तो फोन चुकला म्हणा.

दुसऱ्या बाजूला नोंद लपवते. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारा आवाज लावलेला असेल तर तो आवाजच फोन उचलतो. गिऱ्हाईक दोन मिनिटं संगीत ऐकून वैतागून ठेवतं, आणि नोंदीत दिमाखात ‘आन्सर्ड’. अशा ठिकाणी कॉल शेवटी एखाद्या माणसाच्या एक्स्टेन्शनपर्यंत पोचला का, ते पाहावं लागतं. क्यू, म्हणजे आलेले फोन रांगेत थांबवायची सोय, वापरत असाल तर क्यूचा लॉग वेगळा असतो. कुणी किती वेळ थांबून सोडून दिलं, हे त्यात स्पष्ट मिळतं.

आणि १४० ने सुरू होणारे नंबर वगळून मोजा. ती जाहिरातवाल्यांची मालिका आहे, ते फोन चुकले तर बरंच.

सगळे कॉल ऑपरेटरच्याच नावावर दिसतात.

कारण लाइन तिनेच घेतली आणि मग आत दिली. काही यंत्रं वळवलेल्या कॉलची दुसरी ओळ देतात, काही शेवटच्या एक्स्टेन्शनच्या नावावर टाकतात, काही पहिल्याच्या. एक चाचणी कॉल वळवून तुमचं यंत्र काय करतं ते पाहून घ्या. विभागवार खर्च हवा असेल तर प्रत्येक विभागाला अकाउंट कोड (कॉल लावताना दाबायचा आकडा) द्या आणि बाहेरच्या कॉलला तो सक्तीचा करा. पहिला आठवडा कुरकुर होते, मग बोटांना सवय लागते.

आतल्या आत झालेले फोन दिसतील का?

लहान यंत्रांत सहसा नाही. आयपी यंत्रांत दिसतात.

बोलणं ऐकता येईल?

नाही. ही नोंद आहे, रेकॉर्डिंग नव्हे. ज्या कॉलचं रेकॉर्डिंग तेव्हा चालू नव्हतं, त्याचा आवाज कुठूनही परत येत नाही. कुणी पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वेळ चुकीची येते. कधी तर २००० सालची तारीख!

यंत्राच्या बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपली आहे. लाइट गेले की घड्याळ मूळपदावर जातं. बॅटरी बदला, घड्याळ लावा आणि बदललेली तारीख पेटीवर मार्करने लिहा. जुन्या ओळी टाकून देऊ नका. ज्याची खरी वेळ माहीत आहे असा एखादा कॉल मोबाइलच्या लॉगशी जुळवला की फरक कळतो, आणि पुढचे लाइट जाईपर्यंतच्या सगळ्या ओळी तेवढ्याने सरकवता येतात.

क्लाउडवरच्या नोंदीत वेळ बरोबर साडेपाच तासांनी मागे असेल तर बिघाड नाही, ती जागतिक वेळ आहे. दुपारी साडेचारचा कॉल तिथे सकाळी अकराचा दिसतो. सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडा.

एक्सेलमध्ये उघडलं की नंबर बिघडतात.

एक्सेल फोन नंबरला संख्या समजतो. पुढचा शून्य गिळतो, त्यामुळे ०२१७ चा २१७ होतो. ९१ धरून बारा आकडे झाले की ‘९.१९ई+११’ असलं काहीतरी दाखवतो. फाइलवर डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून आयात करा आणि नंबराचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा. अशी बिघडलेली फाइल सेव्ह केली तर गेलेले शून्य परत येत नाहीत, म्हणून मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा.

वळवाच्या पावसात वीज पडली, यंत्र जळालं. जुनी नोंद?

बोर्ड जळाला म्हणजे त्यातली नोंद गेली असं धरून चाला. मग उरते लाइन देणाऱ्या कंपनीची बाजू. तपशीलवार बिल घेत असाल तर बाहेर केलेले कॉल त्यात मिळतील, पण कुठल्या एक्स्टेन्शनवरून हे मिळणार नाही. कंपनीला फक्त तुमची लाइन दिसते, तिच्यामागची वीस टेबलं नाहीत. डिसेंबर २०२१ च्या परवाना-दुरुस्तीनुसार कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्या तपासयंत्रणांसाठी असतात, अर्ज केला आणि काउंटरवर मिळाल्या असं नाही.

नवं यंत्र बसवताना लाइनवर सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग घ्या. मे महिन्यात आमची निम्मी धावपळ याचीच असते.

रात्री दोनला परदेशी फोन लागल्याच्या ओळी आहेत. ऑफिसात तर चिटपाखरू नव्हतं.

हे वाचत बसू नका, आधी लाइन तोडा. इंटरनेटला उघडं असलेलं आयपी एक्स्चेंज शोधून, कमकुवत पासवर्ड फोडून, त्यावरून महागड्या परदेशी नंबरांना कॉल लावणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. त्या मुद्दाम रात्र आणि सुट्टी गाठतात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी ऑफिस बंद असताना झालेलं बिल ऑफिस उघडल्यावर नजरेला येतं, तोवर आकडा फुगलेला असतो.

नोंदीत याची चाहूल आधी लागते: एकाच एक्स्टेन्शनवरून, काही सेकंदांच्या अंतराने, ०० ने सुरू होणारे कॉल, त्यातले बरेच ‘फेल्ड’. एक्स्टेन्शनचे पासवर्ड बदला, आयएसडी बंद ठेवा, ज्याला खरंच लागतं त्यालाच कोडने उघडून द्या. निर्यात करणाऱ्या टॉवेलवाल्यांना आयएसडी लागते, मान्य. पण ती गेटवरच्या वॉचमनच्या फोनला कशाला? लाइन देणाऱ्या कंपनीला ताबडतोब लेखी कळवा आणि त्या रात्रीची नोंद जशीच्या तशी जपून ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

कर्मचारी दिवसभर काय बोलतात यावर लक्ष ठेवायचं आहे.

ऑफिसचा फोन, ऑफिसची नोंद, इथपर्यंत तुमचा हक्क. पण नोंद ठेवली जाते हे लोकांना आधी सांगा. नोटीस बोर्डावर मराठीत दोन ओळी पुरेत, तेलुगू बोलणारे कामगार जास्त असतील तर तेलुगूतही लावा. नंबर आणि नाव यांची यादी ही व्यक्तिगत माहितीच, आणि डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. ती यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे स्वतःहून तक्रार ओढवून घेणं. हॉस्पिटलांनी तर विशेष जपावं. कुठल्या डॉक्टरला कुठला पेशंट किती वेळा फोन करतो, यावरून आजार ओळखता येतो.

आमचं मत विचाराल तर, माणूसवार हिशेब मांडण्यापेक्षा चुकलेल्या फोनांचा हिशेब मांडा. पैसे तिथे वाचतात.

पोलीस किंवा कोर्टात नोंद द्यायची झाली तर?

पोलिसांना द्यायची तर लेखी मागणी घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवण्याचा लेखी आदेश ठाण्याचे अधिकारी देऊ शकतात. काय दिलं, कधी दिलं, याची पोच ठेवा.

कोर्टात नुसता प्रिंटआउट चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, लिहावी लागते. आधीच्या पुरावा कायद्यात याच कामाचं कलम ६५ब होतं. ते प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सांगितलं. म्हणून मूळ फाइल उघडून रंग भरू नका, नावं लिहू नका. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. प्रमाणपत्राचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

नोंद किती दिवस ठेवावी?

सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही. व्यापाऱ्याला चालू आणि मागचं आर्थिक वर्ष पुरतं. वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. महिन्याची एक फाइल करा, नावात वर्ष आणि महिना घाला, दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. जागेची काळजी नको: एक ओळ म्हणजे ऐंशी-शंभर अक्षरं, रोज पाचशे कॉल झाले तरी महिन्याची फाइल मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा लहान होते.

नवं यंत्र घेतोय. विक्रेत्याला काय विचारू?

नोंद बाहेर कुठून मिळते, आणि तिला वेगळं लायसन्स लागतं का. मेमरीत किती ओळी राहतात, लाइट गेल्यावर त्या टिकतात का. कॉलर आयडीचं कार्ड किमतीत धरलं आहे का. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्या हातात मिळणार का. हा शेवटचा प्रश्न ऐकून विक्रेता घुटमळला तर ऑर्डर देऊ नका. वर्षभराने देखभालीचा करार संपल्यावर आपल्याच यंत्रात शिरायला त्याची मनधरणी करावी लागते.

आणि बिलाचे पैसे देण्याआधी, तो माणूस समोर असताना, तीन कॉल करून पाहा: एक बाहेर लावलेला, एक बाहेरून येऊन न उचललेला, एक ऑपरेटरकडून वळवलेला. तिन्हीच्या ओळी कॉम्प्युटरवर दिसल्या की मगच चेकवर सही करा.